दही बंद, टोमॅटो बंद, तरी डोकं दुखतंच: अर्धशिशीत खाण्याचा दोष कसा शोधायचा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. इतरांसाठी थोडक्यात सांगते. तुमचं वय ३४, ठाण्याहून रोज लोकलने ऑफिस, सहा वर्षांपासून अर्धशिशी, न्यूरॉलॉजिस्टने तपासून मायग्रेनच आहे असं सांगितलंय. महिन्यातून चार-पाच वेळा डोकं उठतं. जो भेटेल तो काहीतरी सोडायला सांगतो, तसं एकेक करत तुम्ही दही, टोमॅटो, शेंगदाणे, वांगं, तूरडाळ, केळं, चीज, चॉकलेट आणि मागच्या महिन्यात चहासुद्धा सोडलात, पाच किलो वजन उतरलं, आणि डोकं आधी चार-पाच वेळा दुखायचं ते आताही चार-पाच वेळा दुखतंच. संकष्टीला तर हमखास, म्हणून आता साबुदाण्यावर संशय. आणि कोणीतरी रक्तावरून दोनशे पदार्थांची टेस्ट करायला सांगितलीय, ती करू का, की अजून काय सोडू, असं विचारलंय.

मी आहारतज्ज्ञ आहे, १९ वर्षं झाली, त्यातली बरीच वर्षं डोकेदुखीच्या पेशंटसोबतच गेली. "अजून काय सोडू" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता ते ऐकलं की मी आधी पेशंटचं वजन आणि हिमोग्लोबिन विचारते. तुमच्या बाबतीत मला वाटतं खरी अडचण अशी आहे, की तुम्ही नऊ गोष्टी सोडल्या पण त्यातली एक तरी दोषी होती का हे कळायची सोयच तुमच्याकडे नव्हती. डोकं दुखलं, आदल्या दिवशी काय खाल्लं ते आठवलं, जे जरा वेगळं वाटलं त्याच्यावर आळ घेतला. याला आपल्याकडे चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. तेव्हा यादी मी देणार नाही, शोधायचं कसं ते सांगते, आणि ते करताना मी का तसं सांगतेय तेही सांगते, म्हणजे उद्या कोणी दहावा पदार्थ सोडायला सांगितला तर तुम्हाला स्वतःला तपासता येईल.

आधी टेस्टचं उरकून टाकू. त्या टेस्टमध्ये बहुतेक वेळा आयजीजी नावाच्या अँटीबॉडी, म्हणजे शरीराच्या संरक्षणासाठी रक्तात असणारी प्रथिनं, मोजतात. आपण जे नेहमी खातो त्याच्याविरुद्ध या अँटीबॉडी शरीरात असतातच, म्हणजे त्या अन्नाची शरीराला ओळख आहे एवढंच त्यातून कळतं. म्हणून रोज गहू, दूध, तांदूळ खाणाऱ्या माणसाच्या रिपोर्टवर गहू, दूध, तांदूळ लाल रंगात येतात. युरोप-अमेरिकेतल्या अॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनांनी ही टेस्ट पदार्थ शोधायला वापरू नका असं स्पष्ट सांगितलेलं आहे. काही हजार रुपये जातात ते जातातच, पण त्याहून वाईट म्हणजे हातात ४० पदार्थांची लाल यादी येते आणि तुम्ही आधीच पाच किलोनी उतरलेल्या. नका करू.

आता काय काय परिस्थितीवर अवलंबून आहे ते. प्रत्येकाला खाण्याचा ट्रिगर, म्हणजे दुखणं सुरू करणारा पदार्थ, असतोच असं नाही. काहींना एखादा स्पष्ट असतो, बऱ्याच जणांना नसतो, आणि ज्यांना असतो त्यांनाही तो दर वेळी त्रास देत नाही. तेच चॉकलेट एखाद्या बाईला महिन्याच्या १५ तारखेला काही करत नाही आणि पाळीच्या आदल्या दिवशी, दोन रात्री झोप नाही, दुपारी जेवण नाही, अशा वेळी खाल्लं की संध्याकाळी डोकं फुटायला येतं. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतो ना, तसं कमी झोप, ऊन, उपास, पाळी, ताण, प्रवास हे सगळे थेंब आधी साचलेले असतात, शेवटचा थेंब चॉकलेटचा पडतो आणि नाव त्याचं होतं. पाळीच्या दोन दिवस आधीपासून तिसऱ्या दिवसापर्यंतचा काळ तर बऱ्याच बायकांमध्ये नुसत्या हार्मोनमुळेच नाजूक असतो, त्या पाच दिवसांत खाल्लेल्या कुठल्याही पदार्थाला दोष द्यायच्या आधी थांबायचं.

आणि आता जी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. मायग्रेन डोकं दुखायला लागतं तेव्हा सुरू होत नाही. तो त्याच्या कित्येक तास आधी, कधीकधी एक-दोन दिवस आधी मेंदूत सुरू झालेला असतो. तेव्हा जांभया येतात, मान आखडते, चिडचिड होते, सारखी लघवीला होते, वास नको होतात, आणि काहीतरी गोड खावंसं वाटतं. आता बघा, अटॅक आत सुरू झालाय, त्याच्यामुळे चॉकलेटची इच्छा झाली, खाल्लं, चार तासांनी डोकं दुखलं. आपण म्हणणार चॉकलेटमुळे दुखलं. उलट आहे ते, येणाऱ्या दुखण्यामुळे चॉकलेट खाल्लं गेलं. १९९७ साली एक अभ्यास छापून आला होता, नेहमी डोकं दुखणाऱ्या ६३ बायकांना चॉकलेट आणि चॉकलेटसारखीच लागणारी कॅरोब नावाच्या शेंगेची वडी दिली, कुठली कुठली आहे ते न सांगता. चॉकलेटने कॅरोबपेक्षा जास्त डोकं दुखलं नाही, ज्यांना चॉकलेटबद्दल खात्री होती त्यांचंही नाही. म्हणून मी पेशंटना सांगते की खाल्लं काय हे लिहिताना ते खावंसं का वाटलं तेही लिहा.

हाच उलटा हिशोब पित्ताच्या बाबतीत होतो आणि आपल्या मराठी घरांमध्ये तर फारच. डोकं दुखतं, मळमळतं, उलटी होते, उलटी झाल्यावर जरा बरं वाटतं, म्हणजे पित्त झालं होतं, ते पडलं, मोकळं झालं. मग पित्त कशाने झालं याचा शोध, तर तूरडाळ, वांगं, आंबट दही, शेंगदाणे. माझ्या आजीचंही हेच होतं आणि तिच्या अनुभवाला मी खोटं म्हणत नाही, उलटीने तिला खरंच आराम पडायचा. पण मायग्रेनच्या अटॅकमध्ये पोटाचं काम मंदावतं, अन्न पुढे सरकत नाही. म्हणून दुपारी एकला खाल्लेली वांग्याची भाजी रात्री आठला जशीच्या तशी बाहेर पडते आणि आपल्याला वाटतं बघा, वांगंच पचलं नव्हतं, त्याच्यामुळेच झालं. वांगं पचलं नाही कारण अटॅक चालू होता. त्या दिवशी दोडका खाल्ला असता तर दोडका पडला असता. (याच कारणाने अटॅक भरात आल्यावर घेतलेली गोळी नीट लागू पडत नाही, पोटातच पडून राहते, म्हणून गोळी कधी घ्यायची हे डॉक्टरांना विचारून ठेवा.)

आता तुमची संकष्टी. संकष्टीला हमखास डोकं दुखतं आणि संकष्टीलाच साबुदाण्याची खिचडी होते, म्हणून साबुदाणा, किंवा त्यातलं दाण्याचं कूट. पण त्या दिवशी अजून काय काय होतं ते मोजा. सकाळी नेहमीचा नाश्ता नाही. डबा नाही. दुपारी ऑफिसमध्ये एखादं केळं किंवा तेही नाही, कारण केळं तुम्ही सोडलंय. पाणी कमी. संध्याकाळी गर्दीची लोकल. घरी येऊन मोदक, नैवेद्य, स्वयंपाक, आणि चंद्रोदय कधी साडेआठला तर कधी दहाला, तोपर्यंत पोटात जवळपास काही नाही. आठ तासांच्या वर उपाशी राहिलं की डोकं दुखणं हा डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातला नाव दिलेला प्रकार आहे, आणि मायग्रेनवाल्यांना तर त्याहून कमी उपाशी राहूनही होतं. रमजानच्या रोज्यात, ज्यूंच्या योम किप्पुरच्या उपासात हेच दिसलेलं आहे, आणि त्यांच्या ताटात साबुदाणा नसतो.

हे तपासायचं कसं? उपास मोडायला मी सांगत नाहीये, तो तुमच्या श्रद्धेचा भाग आहे आणि तिथे माझं काही काम नाही. दोन प्रयोग करा. एक, साध्या बुधवारी, झोप नीट झालेली असताना, नाश्त्याला नेहमीच्या वेळेला एक वाटी साबुदाण्याची खिचडी खा आणि मग दिवसभराची जेवणं रोजच्यासारखी वेळेवर घ्या. असे तीन वेगवेगळ्या आठवड्यांत तीन दिवस. दोन, पुढच्या संकष्टीला साबुदाणा पूर्ण टाळा पण उपासाचंच दर तीन-साडेतीन तासांनी खा, सकाळी राजगिऱ्याची लापशी दुधात, दुपारी वऱ्याचे तांदूळ आणि बटाट्याची भाजी, चारला रताळं किंवा दोन खजूर, ताक पाणी सोबत ठेवा. बुधवारी काही झालं नाही आणि भरल्या पोटाच्या संकष्टीलाही डोकं शांत राहिलं, तर साबुदाणा निर्दोष सुटला. एका संकष्टीवर निकाल द्यायचा नाही हं, दोन-तीन महिने बघायचं. हरतालिकेसारखा निर्जळी उपास मात्र मायग्रेनवाल्या बाईने डॉक्टरांशी न बोलता करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

याच प्रकारची एक केस सांगते म्हणजे मुद्दा नीट पोचेल. कोल्हापूरकडचे एक सर होते, शाळेत शिकवायचे, त्यांनी दोन वर्षं मिसळ सोडली होती. रविवारी मिसळ खाल्ली की दुपारी दोनपर्यंत डोकं उठायचं, म्हणून. मी विचारलं, मिसळ सोडल्यावर रविवारचं दुखणं थांबलं का? तर म्हणाले, कमी झालं असावं. असावं म्हणजे लिहिलेलं नव्हतं. मग लिहायला लावलं. निघालं काय, की मिसळ नसलेल्या रविवारीही दुखत होतं. शाळेच्या दिवशी साडेपाचला उठायचे, सहाला चहा, आठला नाश्ता. रविवारी साडेआठला उठायचे, पेपर वाचत नऊला चहा, अकराला पहिलं खाणं. म्हणजे रोजच्यापेक्षा तीन तास जास्त झोप, तीन तास उशिरा चहा, तीन तास उशिरा अन्न. मग सुट्टीतल्या तीन बुधवारी त्यांना चहा-नाश्त्याच्या नेहमीच्या वेळेला मिसळ खायला लावली, चांगली तर्रीवाली. तिन्ही वेळा काही नाही. रविवारी सहाला उठून चहा आणि दोन बिस्किटं खाऊन हवं तर परत आडवे व्हा एवढंच सांगितलं आणि रविवारचं दुखणं बरंच उतरलं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते तेव्हा आपण कावळ्याला हाकलतो, फांदी आधी किती वाळली होती ते बघत नाही.

चहाचं तुमच्या बाबतीत वेगळं बोलायला हवं. तुम्ही लिहिलंय की दिवसाला पाच-सहा कप होते, एकदम बंद केले, आणि पहिले चार दिवस रोज दुखलं. ते मायग्रेनचं नव्हतं, किंवा निदान नुसतं मायग्रेनचं नव्हतं, ते चहा सुटल्याचं दुखणं होतं. घरच्या एका कपात साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम कॅफीन असतं, पाच-सहा कप म्हणजे दिवसाला दोनशेच्या आसपास किंवा वर, आणि एवढी सवय असताना एकदम थांबवलं की १२ ते २४ तासांत डोकं धरतं आणि हे दोन दिवसांपासून नऊ दिवसांपर्यंत चालू शकतं. आता महिना झालाय तर तो भाग संपलाय, परत सहा कपांवर जाऊ नका. पण सकाळचा आणि दुपारचा असे दोन कप, रोज त्याच वेळेला, सुट्टीच्या दिवशीसुद्धा, याला माझी हरकत नसते. ज्यांना अजून कमी करायचाय त्यांनी तीन-चार दिवसांनी एकेक कप कमी करत यावं. आणि डोकेदुखीच्या काही गोळ्यांमध्येही कॅफीन असतं, पाकिटामागे वाचा, नाहीतर चहा बंद आणि गोळीतून कॅफीन चालू असा प्रकार होतो.

आता मुख्य काम, लिहिणं. मोठी डायरी घेऊ नका, आठ दिवसांत कंटाळा येतो. स्वयंपाकघरातल्या भिंतीवर कालनिर्णय असतं ना, दुधाचा नि इस्त्रीचा हिशोब लिहितो ते, त्याच्याच चौकटीत लिहायचं. त्याच्यावर संकष्टी-एकादशी आधीच छापलेल्या असतात हा अजून एक फायदा. रोज रात्री दोन मिनिटं. किती वाजता झोपले-उठले, पहिला घास किती वाजता, दुपारचं आणि रात्रीचं जेवण किती वाजता, चहा किती कप, पाळीचा कितवा दिवस. डोकं दुखलं तर नेमकं किती वाजता सुरू झालं, दहापैकी किती, कुठली गोळी घेतली, आणि त्याच्या आधी जांभया, मान आखडणं, गोड खावंसं वाटणं असं काही होतं का. आणि संशयित पदार्थ फक्त तीन निवडा, जास्त नाही, त्यांच्यासाठी एकेक अक्षर ठरवा, दह्याला द, शेंगदाण्याला श, ज्या दिवशी खाल्लं त्या दिवशी ते अक्षर टाका.

हे सगळं डोकं न दुखलेल्या दिवशीही लिहायचं. इथेच नव्वद टक्के लोक चुकतात असं मी अंदाजाने म्हणेन, कारण माझ्याकडे येणाऱ्या जवळपास प्रत्येक वहीत फक्त दुखण्याचे दिवस लिहिलेले असतात. चांगले दिवस लिहिले नाहीत तर त्या वहीचा काही उपयोग नाही, का ते आकड्यांनी सांगते. एका पेशंटच्या ६० दिवसांच्या नोंदी होत्या, आकडे जरा सोपे करून देते. ६० दिवसांत ८ वेळा डोकं दुखलं. त्यातल्या ६ वेळा त्या दिवशी दही खाल्लेलं होतं. आठातले सहा! कोणीही म्हणेल दहीच. पण मग बाकीचे दिवस मोजले, तर ६० पैकी ४५ दिवस त्यांनी दही खाल्लं होतं, दोन महिन्यांत १५ दिवसच खाल्लं नव्हतं. म्हणजे दह्याच्या ४५ दिवसांत ६ वेळा दुखलं, साडेसात दिवसांतून एकदा. बिनदह्याच्या १५ दिवसांत २ वेळा दुखलं, तेही साडेसात दिवसांतून एकदाच. दही खा नाहीतर नका खाऊ, काडीचा फरक नाही. मग दुसरी ओळ मोजली, जेवणाची वेळ. दुपारचं जेवण अडीचच्या पुढे गेलं असे १० दिवस होते, त्यातल्या ५ दिवशी दुखलं, म्हणजे दर दुसऱ्या दिवशी. वेळेवर जेवलेल्या ५० दिवसांत फक्त ३ वेळा. दही त्या बाईंनी चार वर्षं भीत भीत खाल्लं होतं आणि मीटिंगमुळे उशिरा जेवणं मात्र बिनधास्त चालू होतं.

ही बेरीज तुम्हाला घरी येईल, चौथीचं गणित आहे. पदार्थ खाल्लेले दिवस आणि त्यातले दुखलेले, न खाल्लेले दिवस आणि त्यातले दुखलेले. दोन्हीकडे प्रमाण सारखं आलं तर पदार्थ मोकळा. खाल्लेल्या दिवशी दुप्पट-तिप्पट आलं तर संशय पक्का धरून पुढची पायरी. किमान आठ आठवडे लिहा, तीन महिने झाले तर उत्तम, कारण पाळीची दोन-तीन चक्रं त्यात यायला हवीत.

पुढची पायरी म्हणजे सोडून बघणं, पण एका वेळी एकच पदार्थ. किती दिवस सोडायचा? माझा हिशोब असा आहे की दोन दुखण्यांमध्ये सरासरी जितकं अंतर असतं त्याच्या तिप्पट. तुमचं अंतर साधारण सहा-सात दिवस, म्हणजे तीन आठवडे, त्यात पाळीचं पूर्ण चक्र यावं म्हणून चार धरू. ज्यांचं महिन्यातून एकदाच दुखतं त्यांनी आठ दिवस दही सोडलं आणि "फरक पडला" म्हटलं तर त्याला काही अर्थ नाही, तसंही त्या आठ दिवसांत दुखणार नव्हतंच. चार आठवड्यांनी तोच पदार्थ परत खायचा, नेहमीच्या प्रमाणात, शांत दिवशी, झोप झालेली, जेवणं वेळेवर, पाळी जवळ नाही. वेगवेगळ्या आठवड्यांत तीनदा. तीनपैकी दोन किंवा तीन वेळा २४ तासांच्या आत दुखलं तर तो तुमच्यासाठी ट्रिगर आहे असं मानायला मी तयार आहे. एकदाच दुखलं तर नाही. हे परत खाऊन बघणं लोक टाळतात, भीती वाटते, समजू शकते, पण ते केल्याशिवाय पदार्थ जन्मभर उगाच सुटलेला राहतो. फक्त एखादं खाल्लं की अंगावर पित्त उठतं, ओठ सुजतात, श्वास लागतो असं होत असेल तर ती अॅलर्जी आहे, ते घरी अजिबात परत खाऊन बघायचं नाही. आणि लहान मुलं, गरोदर बायका, वजन आधीच कमी असलेले, खाण्याशी पूर्वी काही आजाराचं नातं असलेले, यांनी हे सोडणं-धरणं एकट्याने करू नये.

म्हणजे खाण्याचे ट्रिगर खोटेच असतात असं मी म्हणतेय का? नाही. दारूचं बरेच पेशंट सांगतात आणि काहींच्या बाबतीत तपासल्यावर ते टिकतंही. पुण्यात एक तरुण होता, रेड वाइन घेतली की तीन तासांत डोकं, पोट भरलेलं असो, झोप झालेली असो, सहापैकी पाच वेळा, त्याने ती सोडली आणि विषय संपला. सॉसेज, सलामीसारख्या मांसात रंग टिकवायला नायट्राइट घालतात, त्याने रक्तवाहिन्या फैलावतात आणि काहींचं डोकं दुखतं हे १९७० च्या दशकापासून माहीत आहे. चीजची गोष्ट जरा समजून घ्या. मुरलेल्या जुन्या चीजमध्ये टायरामीन नावाचं एक रसायन असतं, त्यावरून १९६७ मध्ये इंग्लंडमध्ये टायरामीनने डोकं दुखतं हा सिद्धांत पुढे आला आणि तिथून काय काय टाळायचं त्या याद्या जगभर पसरल्या. नंतरच्या अभ्यासांत ते दर वेळी सिद्ध झालं नाही. आणि मुख्य म्हणजे टायरामीन मुरवल्याने, जुनं झाल्याने वाढतं. आपलं पनीर आज फाडलं नि उद्या खाल्लं, त्याला तो नियम लावून पनीर सोडण्यात काही हशील नाही. परदेशी यादीतलं चीज वाचून सांगली-साताऱ्यातल्या माणसाने पनीर सोडलेलं मी पाहिलंय, म्हणून मुद्दाम सांगितलं.

तुमच्या नऊ पदार्थांचं काय करायचं? मी असं बघते. चहा वगळता हे सगळं सोडून कित्येक महिने झाले आणि आकडा चारवरून दोनवर आला नाही, तिथेच राहिला. त्यांच्यातला कोणी मोठा दोषी असता तर काहीतरी उतरायला हवं होतं. म्हणून तूरडाळ, केळं, दही, टोमॅटो, वांगं हे आधी परत आणा, याच आठवड्यात, तुम्हाला त्या अन्नाची गरज आहे. पाच किलो वजन न ठरवता उतरणं चांगलं नाही आणि अर्धपोटी राहणं हाच तुमचा ट्रिगर असण्याची शक्यता मला सगळ्यात जास्त दिसते. नऊ गोष्टी सोडल्यावर डब्यात उरतंय काय? पोळी आणि भेंडी. त्याने चारपर्यंत कोण टिकणार. शेंगदाणे आणि चॉकलेट हे दोन वर सांगितलं तसे तीनदा खाऊन तपासा. चीज आवडत असेल तर तेही तपासा, नाहीतर राहू द्या.

आणि वेळा बांधा. उठल्यापासून तासाभरात पोटात काहीतरी. लोकलमध्ये तासभर जात असेल तर पर्समध्ये राजगिऱ्याचा लाडू, चणे-गूळ, काहीही. दुपारचं जेवण एक ते दीड, मीटिंग असली तरी, आधीच दोन घास खाऊन जा. रात्रीचं जेवण आणि सकाळचा पहिला घास यात बारा तासांपेक्षा जास्त अंतर नको. लग्नाकार्याच्या दिवशी घरून खाऊन निघायचं, कारण मुहूर्त साडेबाराचा असला तरी पंगत तीनला बसते, ऊन आणि स्पीकर असतोच, आणि घरी आल्यावर आपण म्हणतो की मसालेभात बाधला.

अजून एक तुम्ही लिहिलेलं नाही ते विचारते. महिन्यातून किती दिवस डोकेदुखीची गोळी घेता? साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात १५ दिवस किंवा जास्त, आणि दोन-तीन औषधं एकत्र असलेल्या मिश्र गोळ्या किंवा खास मायग्रेनसाठीच्या ट्रिप्टान, अर्गोटामाइनवाल्या गोळ्या १० दिवस किंवा जास्त, असं तीन महिन्यांच्या वर चाललं तर गोळ्यांनीच डोकं दुखायला लागतं. अशा वेळी खाण्याचा ट्रिगर शोधत बसणं म्हणजे घरात नळ उघडा ठेवून फरशी पुसणं, कितीही पुसा. आकडा त्याच्या जवळ असेल तर गोळ्या स्वतःच्या मनाने एकदम बंद न करता आधी डॉक्टरांकडे जा. आणि महिन्यातून चार-पाच अटॅक, म्हणजे अटॅक येऊ नये म्हणून रोज घ्यायच्या औषधांबद्दल बोलायला पुरेसं कारण आहे, ते न्यूरॉलॉजिस्टना विचारा. खाण्यातून सगळं सुटेलच असा हट्ट धरू नका.

हे मायग्रेनचं झालं. पण एकाएकी क्षणात आयुष्यातलं सगळ्यात जोराचं डोकं दुखणं, तापासोबत मान ताठ होणं, हातपाय लुळे पडणं किंवा बोलणं अडखळणं, पन्नाशीनंतर पहिल्यांदा सुरू झालेलं, गरोदरपणात नव्याने आलेलं, खोकल्या-शिंकल्याने सुरू होणारं, किंवा वर्षानुवर्षांचा नमुना अचानक बदललेला, यातलं काहीही असेल तर डायरी बाजूला ठेवून लगेच डॉक्टर गाठायचा.

एक वाक्य तुमच्या प्रश्नात होतं ते मला लागलं. "सासूबाई म्हणतात तूच जिभेवर ताबा ठेवत नाहीस." ताई, हे मी फार घरांत ऐकलंय. पदार्थांच्या याद्यांचं सगळ्यात वाईट काय तर डोकं दुखलं की बाईला आधी जबाब द्यावा लागतो, काय खाल्लंस. अंधाऱ्या खोलीत ओकाऱ्या काढत पडलेली असते आणि वर अपराधी वाटत असतं. मायग्रेन हा मेंदूचा आजार आहे, बराचसा घराण्यातून येतो, तुमच्या आईला होता असं तुम्हीच लिहिलंय. तुम्ही आणला नाहीत तो. घरच्यांना वाटलं तर हे उत्तर वाचायला द्या, किंवा ती कालनिर्णयची पानं दाखवा, लिहिलेलं समोर असलं की सासूबाईंचंही मत बदलतं असा माझा अनुभव आहे, काही सासवा तर नंतर स्वतःच सुनेला विचारतात, एक वाजला, जेवलीस का.

तर सोमवारपासून सुरू करा. आज डाळ-भात टोमॅटोचं सार करून पोटभर जेवा. दोन आठवडे फक्त वेळा बांधा आणि रोज लिहा, काही सोडू नका. मग बुधवारची खिचडी. आठ आठवड्यांनी दुखलेले दिवस, वेळेवर जेवलेले दिवस, गोळ्यांचे दिवस असे तीन आकडे इथेच लिहा, मी बघून सांगते पुढे काय ते.